मदत हवी आहे : ओल्नीच्या लेसवाल्या बायकांचा माग कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या ओल्नी या छोट्या गावात 19व्या शतकात घरोघरी बायका लेस विणायच्या. गच्च भरलेली उशी, तिच्यावर टाचण्या, आणि दोरा गुंडाळायचे हाडाचे-लाकडाचे बॉबिन. काहींवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. त्या नावांमागच्या बायका मला शोधायच्या आहेत. इथे राहिलेल्या कवी विल्यम कूपरवर हवं तेवढं वाचायला मिळतं, यांच्यावर फारच कमी, आणि ते मला खुपतं.

1851च्या जनगणनेत वय, व्यवसाय, जन्मगाव सगळं मिळतं. 1841च्या यादीत मात्र मोठ्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत उतरवलेली, त्यामुळे एकाच नावाच्या दोघींमधली आपली कोणती, हे ठरत नाही. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या. पण गावात बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोकही होते (1805 साली मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम कॅरी याच मंडळीतून पुढे आला), आणि ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत, म्हणून त्यांच्या मुली त्या वह्यांत सापडत नाहीत. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललं की धागाच तुटतो.

इंग्लंडमधली घराणी शोधायचा कुणाला अनुभव आहे का? गरिबांना मदत वाटणाऱ्या पॅरिशच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतल्या कारभाराच्या) हिशेबवह्यांत अशा बायका सापडतात का? ओल्नीच्या परगण्याच्या (बकिंगहॅमशायर) जुन्या नोंदी ठेवणाऱ्या एल्सबरीच्या अभिलेखागारात जाण्याआधी काय तयारी करू?