हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत बोन ग्राफ्टसोबत पीआरएफ आणि लेझर घ्यावे का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
माझ्या आईला मधुमेह आहे. पायोरियासाठी डीप क्लिनिंग करूनही खालच्या दाढेजवळ ७ मिमीचा पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट) उरला असून एक्स-रेमध्ये तिथले हाड उभे झिजलेले दिसते. डॉक्टरांनी फ्लॅप शस्त्रक्रियेत (हिरडी उचलून आतून साफ करणे) बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाच्या जागी भरायचा पदार्थ, सोबत आईच्याच रक्तापासून बनवलेले पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) आणि शिवाय लेझर सुचवले आहे. यांपैकी खरोखर हाड कशाने भरून येते? आई माळकरी आहे, म्हणून ग्राफ्ट कशापासून बनतो हेही कळायला हवे.

उत्तर १ (हिरडीतज्ज्ञ, गंगापूर रोड):
सर्वांत आधी हाडातील खड्ड्याचा आकार विचारा, कारण ३ मिमी किंवा त्याहून खोल, अरुंद आणि दोन-तीन बाजूंनी हाडाची भिंत शाबूत असलेला खड्डाच चांगला भरतो. सपाट, आडवे झिजलेले हाड कोणत्याही जोड-उपचाराने परत येईल अशी आशा धरू नये. शस्त्रक्रियेनंतर हिरडीच्या वरच्या थरातील पेशी सर्वांत वेगाने खाली उतरून मुळाला चिकटतात आणि हाड व तंतू बनवणाऱ्या पेशींची जागा अडवतात. मेम्ब्रेन, म्हणजे मध्ये ठेवलेला पातळ पडदा, हिरडीच्या या पेशींना रोखते, तर ग्राफ्ट ती जागा कोसळू देत नाही.

पीआरएफची पद्धत २००१ मध्ये फ्रान्समध्ये पुढे आली. रक्त न गोठण्याचे औषध न घालता रक्ताची नळी यंत्रात वेगाने फिरवली की फायब्रिनची जाळी तयार होते आणि तीतून पेशींच्या वाढीला चालना देणारे घटक हळूहळू सुटतात. नुसत्या फ्लॅपपेक्षा पीआरएफसह हाड अधिक भरते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मात्र चांगला ग्राफ्ट असताना त्यावर पीआरएफची भर घातल्याने होणारा लाभ तेवढा ठाम नाही. लेझरसाठी वेगळा खर्च करा, असे मी सांगणार नाही.

ग्राफ्ट गायीच्या हाडापासून, मानवी दात्याच्या हाडापासून किंवा संपूर्ण कृत्रिम, म्हणजे हायड्रॉक्सीअपटाइट अथवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा असतो. अशाच शस्त्रक्रियेत वापरले जाणारे एनॅमल मॅट्रिक्सचे (दाताच्या आवरणातील प्रथिनांचे) जेल डुकराच्या दातांच्या कोंबांपासून काढतात, आणि कित्येक मेम्ब्रेनमधील कोलॅजनही प्राण्यांचेच असते. आईंची श्रद्धा स्पष्ट सांगा आणि वेष्टनावरील माहिती आधी वाचायला मागा. तो त्यांचा हक्क आहे.

उत्तर २ (दंतवैद्यक पदव्युत्तर विद्यार्थिनी, पंचवटी):
साखर नियंत्रणात नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. आपल्या भागातील अनेक स्त्रिया मिश्री लावतात आणि ती तंबाखूच असते हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. तशी सवय असेल तर ती आधी सुटली पाहिजे. दातांच्या फटींत इंटरडेंटल ब्रश रोज फिरला नाही, तर महागडा ग्राफ्टही संसर्गाने वाया जाऊ शकतो.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. आई मिश्री लावते, हे मी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. हाड भरले की नाही हे कधी कळेल?

उत्तर १ (हिरडीतज्ज्ञ):
साधारण सहा महिने त्या जागी पॉकेट मोजू नये, कारण नवी जोडणी नाजूक असते. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान एक्स-रे काढून तो आताच्या एक्स-रेशी ताडून पाहावा. म्हणून आताचा एक्स-रे जपून ठेवा.