नाझ्का रेषा: वरून बघायला नाहीत, तर मग कशाला?

निळावंती: पेरूच्या नाझ्का वाळवंटात दोन हजार वर्षांपूर्वी जमिनीवर रेषांनी माकड, कोळी, नव्वद मीटरहून लांब हमिंगबर्ड काढून ठेवलाय. जमिनीवर उभं राहून धड काही कळत नाही. परग्रहवासी मी म्हणत नाही, पण वरच्या कुणासाठी तरी हे काढलंय. 1941 मध्ये अमेरिकन संशोधक पॉल कोसोक यांनी सूर्य नेमका एका रेषेच्या टोकावर मावळताना पाहिला. जर्मन गणितज्ञ मारिया रायखं यांनी तर पुढे उभं आयुष्य तिथे काढलं. या रेषा म्हणजे सूर्य-ताऱ्यांचं पंचांग, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

खडूस काका: ते पंचांग 1968 मध्येच तपासून झालंय. खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी रेषांच्या दिशा संगणकावर ग्रहताऱ्यांशी ताडून पाहिल्या. योगायोगानं जुळतील तेवढ्याच जुळल्या. आणि हा माणूस इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या प्राचीन शिळांना वेधशाळा म्हणणारा, म्हणजे तुमच्याच पक्षातला! रेषा इतक्या आहेत की सूर्य कुठेही मावळो, एखादी सापडणारच.
आता काढल्या कशा? लोहाच्या पुटानं काळपट झालेले दगड बाजूला सारायचे, खालची फिकट जमीन उघडी पडते. पाऊस जवळपास नाहीच, म्हणून टिकलं. खुंट्या आणि दोरी पुरते. बरीच चित्रं एकाच अखंड रेषेची आहेत: एका टोकानं शिरा, दुसऱ्यानं बाहेर पडा. ती चालायची वाट आहे. प्रदक्षिणा घालताना आपण देवळाचा नकाशा वरून बघतो का?

निळावंती: चालायचंच होतं तर सरळ रेषा पुरे होती. माकडाची शेपटी गोल गोल कशाला वळवली?

पायवाट: दोघंही सगळ्या चित्रांना एकाच मापानं मोजताय. 2024 मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या लोकांनी एआयच्या मदतीनं 303 नवी चित्रं शोधली. त्यातली बहुतेक लहान, माणसांची आणि पाळीव प्राण्यांची, पायवाटांच्या कडेला: येता-जाता दिसावीत अशी. रानटी प्राण्यांची थोरली चित्रं मात्र लांबलचक सरळ रेषांच्या जाळ्यालगत. ती समूहाच्या विधींची असावीत, असं त्यांचं म्हणणं. मला पटतं.

निळावंती: लहानांचं मान्य. पण थोरला सरडा आठवा. पॅन-अमेरिकन महामार्ग त्याला कापून गेलाय. जमिनीवरून दिसत असता तर रस्ता तिथून नेला असता का?

खडूस काका: महामार्गवाल्यांना देवळंसुद्धा दिसत नाहीत हो.