पॅट्रोक्लस अकिलीसचा कोण? 'थेरापोन'साठी मराठी शब्द हवा आहे

प्रश्न

इलियड या होमरच्या प्राचीन ग्रीक युद्धकाव्यातले काही प्रसंग शाळकरी मुलांसाठी मराठीत सांगायचा घाट घातलाय आणि पहिल्याच पानावर घोडं अडलंय. त्यातला मुख्य वीर अकिलीस; त्याच्यासोबत असलेल्या पॅट्रोक्लसला होमर अकिलीसचा 'थेरापोन' म्हणतो. 'सेवक' लिहिलं तर मुलं त्याला घरगडी समजणार. 'मित्र' लिहिलं तर तो पाहुण्यांसाठी चूल पेटवून भाकरीच्या टोपल्या का मांडतो, ते समजावत बसावं लागणार. एखादा शब्द सुचवा.

प्रतिसाद

'सखा'. कृष्णार्जुनांमुळे रथही आपसूक डोळ्यांसमोर येतो.

प्रतिसाद

'सखा' नको. सख्यात वरखाली नसतं, इथे ते आहे आणि तेही तिरपागडं. पॅट्रोक्लसने लहानपणी सोंगट्यांच्या भांडणात रागाच्या भरात एका मुलाला ठार मारलं. बाप त्याला घेऊन अकिलीसच्या वडिलांच्या, पेलेउसच्या आश्रयाला गेला. पेलेउसने त्याला वाढवलं आणि आपल्या मुलाचा 'थेरापोन' असं नाव दिलं. २३व्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूतच हे सांगतं. म्हणजे हे नेमून दिलेलं नातं. पण युद्धावर निघताना त्याच्या बापाने बजावलं होतं की कुळाने अकिलीस वरचा, वयाने मोठा तू; तेव्हा चार शहाणपणाच्या गोष्टी त्याला तू सांगायच्यास. हुकूम घ्यायचा आणि कानही धरायचा, असा हा माणूस.

आता ११व्या सर्गाचा शेवट बघा. अकिलीसने त्याला एवढंच विचारून यायला पाठवलंय की तो जखमी होऊन आलेला कोण. परतताना वाटेत युरिपिलस हा त्यांच्याच बाजूचा योद्धा लंगडत येताना भेटतो, मांडीत बाण. वैद्य म्हणावेत असे दोघे. एक स्वतःच घायाळ, दुसरा रणात. पॅट्रोक्लस त्याला खांद्याचा आधार देऊन तंबूत नेतो, बैलाच्या कातड्यांवर आडवा करतो, सुरीने बाण कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो आणि एक कडू मूळ हातावर चोळून जखमेवर लावतो. हे औषध अकिलीसने शिकवलेलं आणि अकिलीसला शिकवलं कायरॉन या अश्वमानवाने. चार सर्गांनंतर, १५व्यात, शत्रू तटबंदी ओलांडून आत आलाय तरी हा तिथेच, जखमीशी गप्पा मारत मलमपट्टी करत बसलेला. उठतो तेव्हा म्हणतो, आता तुझा थेरापोन तुझ्याजवळ बसेल, मला अकिलीसकडे गेलं पाहिजे.

याच शब्दाच्या घराण्यातलं क्रियापद 'थेरापेउएइन': सेवा करणं, देवाची पूजाअर्चा करणं, आजाऱ्याची काळजी घेणं. आजची फिजिओथेरपी तिथूनच आली. आपला 'उपचार' नेमका याच वाटेने गेलाय, षोडशोपचार पूजाही आणि औषधोपचारही. त्याच 'चर'पासून 'परिचर' होतो आणि 'परिचारिका' तर रोजच्या वापरातली. माझं मत 'परिचर'.

प्रतिसाद

व्युत्पत्तीला पैकीच्या पैकी गुण. पण 'परिचर' वाचलं की मला जिल्हा परिषदेची भरतीची जाहिरात दिसते, त्याचं काय करू?

शिवाय शुश्रूषा काही एकाच बाजूने चालत नाही. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ५००च्या सुमाराचं सोसिआस कुंभाराचं एक पानपात्र आहे. त्यात अकिलीस गुडघा टेकून पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय. पॅट्रोक्लसने तोंड फिरवलंय, दात विचकलेत. त्याला दाढी आहे, अकिलीसला नाही. वयाचा हिशोब चित्रकाराने चोख ठेवलाय. हा प्रसंग इलियडमध्ये नाही. पण इथे परिचर कोण?

प्रतिसाद

एक जोड. काही अभ्यासक 'थेरापोन'चं नातं हित्ती या प्राचीन भाषेतल्या 'तर्पल्ली'शी लावतात. राजावरचं अरिष्ट स्वतःवर घेणारा बदली माणूस, असा त्याचा अर्थ. सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण अकिलीसचं चिलखत घालून पॅट्रोक्लस मरतो, तिथे फार चपखल बसतं. ('तर्पण' आठवून कुणी सूत जुळवू नये, कृपया.)

प्रतिसाद

'थेरापोन'वर एवढी झटापट चाललीय, पण मला त्याच्या शेजारचा 'एथेइऑस' जास्त मोलाचा वाटतो. धाकटा भाऊ थोरल्याला असं हाक मारतो: पॅरिस हेक्टरला, मेनेलाऊस अगामेम्नॉनला. थोडक्यात, 'दादा'.

होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या काव्याच्या १४व्या सर्गात डुकरं राखणारा युमिअस समोरच्या भिकाऱ्याला आपल्या हरवलेल्या धन्याबद्दल, ओडिसिउसबद्दल सांगतोय. भिकारी हाच तो धनी, हे त्याला ठाऊक नाही. तो म्हणतो, ते इथे नाहीत तरी नाव घ्यायला मला संकोच वाटतो. त्यांनी माझ्यावर फार माया केली. ते दूर असले तरी मी त्यांना 'एथेइऑस'च म्हणतो. नाव न घेण्याची ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. हा युमिअस मुळात राजाचा मुलगा, फिनिशियन व्यापाऱ्यांनी पळवून विकलेला. म्हणून नुसतं 'खाल्ल्या मिठाला जागला' म्हटलं की त्याचं अर्धंच सांगून होतं.

आणि इलियडच्या २३व्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूत दिसतं, तेव्हा अकिलीसच्या तोंडी हाच शब्द येतो. चाकर धन्याला म्हणतो तेच धनी आपल्या थेरापोनला म्हणतो. होमर स्वतःही कथा सांगता सांगता पॅट्रोक्लस आणि युमिअस या दोघांकडे वळून त्यांना 'तू' म्हणतो, 'तेव्हा तू म्हणालास, युमिअस'. मराठीत हे तसंच ठेवा, गुळगुळीत करू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पॅट्रोक्लस पहिल्यांदा येईल तिथे 'हाताखालचा सोबती' लिहितो, पुढे नुसता 'सोबती'. 'परिचर' मोठ्यांच्या आवृत्तीसाठी राखून ठेवला. 'दादा' दोन्हीकडे घेतो. पॅट्रोक्लस वयाने मोठाच आहे, त्यामुळे अकिलीसच्या तोंडी खटकणार नाही. आणि ओडिसीत वेषांतर केलेल्या धन्याला लाथ घालून त्याच्या घरात तळ ठोकलेल्या उपटसुंभांना शस्त्रं पुरवणाऱ्या त्या शेळ्या राखणाऱ्या मेलँथियससाठी शब्द शोधायची गरज नाही, 'निमकहराम' तयारच आहे.