[मंडळ-यादी] बाबांचा लॅपटॉप, मिक्सरचा आवाज आणि अडलेली स्मरणिका

प्रेषक: स्मरणिका समिती (सध्या मुक्काम गिरगाव)

नमस्कार मंडळी,

स्मरणिका का रखडली आहे ते एकदा सांगूनच टाकते. महिनाभरासाठी बाबांकडे आले आहे. ऑफिसचा लॅपटॉप मुद्दामच आणला नाही, म्हटलं बाबांचा आहेच. २०१९ साली मीच परदेशातून आणून दिलेला, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी. म्हणजे अगदीच टाकाऊ नाही. पण चालू केल्यावर पाच मिनिटांत पंखा असा सुटतो की बाबा आतून विचारतात, "खोबरं वाटतेस का?" टाईप केलेली वेलांटी दोन सेकंदांनी उमटते. तुमच्या तेवीस लेखांपैकी दोन कसेबसे लावून झाले आहेत.

खालच्या दुकानात दाखवला. न उघडताच निदान झालं: "मदरबोर्ड चाललाय, नवीन घ्या." इथल्या २३० व्होल्टमुळे असेल का? कुणाला काही सुचतंय?

---

प्रेषक: खजिनदार

फॉरमॅट मारून टाका. माझाही प्रश्न तसाच सुटला होता. आणि जाहिरातींचे पैसे आलेत, आता स्मरणिका रद्द करता येणार नाही.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष, आता कायमचा मुलुंडकर (तरी यादीतून नाव काढू नये)

अगं, थांब. फॉरमॅट नको, नवीनही नको. खजिनदारांचा सुटला असेल, पण तो का सुटला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

व्होल्टचं आधी निकालात काढू. चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरांत इनपुट १००–२४० व्होल्ट असं छापलेलं असेल. असेल तर विजेचा दोष नाही. चार्जर मूळचाच आहे ना, तेवढं बघ. कमी वॅटचा लावला तर काही मशीन मुद्दाम हळू चालतात.

आता पंख्याचं. पंखा ओरडतो तो दोनच कारणांनी. एक तर आत कुणीतरी खरंच राबतंय, किंवा कुणी राबत नाही पण झालेली उष्णता बाहेर पडत नाही. या दोन आजारांची औषधं वेगळी, आणि लोक नेमके एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल. आधी प्रोसेसेसमध्ये सीपीयूच्या (म्हणजे मुख्य चिपच्या) मथळ्यावर क्लिक कर, म्हणजे जास्त खाणारे वर येतील. बाबा मशीन रोज लावत नसतील तर विंडोजचे थकलेले अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, फाइलींची अनुक्रमणी, सगळं एकदमच अंगावर आलेलं असतं. त्याला मारू नकोस. चार्जर लावून रात्रभर चालू ठेव, स्लीप बंद करून, टेबलावर. गादीवर नाही! खालच्या जाळीतून हवा आत जाते आणि गादी ती दाबून धरते. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शनंही (वरून जोडलेली छोटी प्रोग्रॅम्स) काढ. बाबांनी "हो" म्हणत म्हणत काय काय बसवलंय ते बघून चकित होशील.

सकाळी परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयू बघ. तिथे 'स्पीड' (आत्ताचा वेग) आणि 'बेस स्पीड' (चिपचा ठरलेला मूळ वेग) असे दोन आकडे असतात. काही काम नसताना स्पीड खाली आलेला चालतो, तो आजार नव्हे. पण एखादी जड फाइल उघडून काम दे आणि तेव्हा बघ. काम असूनही स्पीड बेसच्या खालीच रेंगाळत असेल आणि पंखा बोंबलत असेल, तर चिप तापून स्वतःला आवरते आहे. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचलं की जळण्यापेक्षा हळू चालणं ती पसंत करते. तुझी वेलांटी तिथेच अडकते आहे.

एक मात्र आधी बघ: टचपॅड वर फुगलाय का? झाकण नीट बसत नाही का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग काहीही न करता बंद कर, चार्जिंगला लावू नकोस.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

काका, टचपॅड सपाट. चार्जर मूळचाच, १००–२४०.

पहिल्या रात्री अपडेट झाले, दोनदा रीस्टार्ट झाला. हवामान सांगणारी तीन एक्स्टेन्शनं काढली. (बाबा हवामान गच्चीवर जाऊन बघतात.) थोडा फरक पडला. पण स्मरणिकेची फाइल उघडली की स्पीड ०.७९ गिगाहर्ट्झ, बेस १.८०. पंखा कालच्यासारखाच. बाजूने येणारी हवा हाताला जेमतेम लागते, मात्र कीबोर्डचा वरचा भाग चटका बसेल इतका गरम.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष, मुलुंडकर

मग कोंडलं आहे. पंखा फिरतोय आणि वारा येत नाही, म्हणजे मध्ये भिंत आहे. बाजूला बांधकाम चालू आहे का?

घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नकोस. लॅमिंग्टन रोडला जा, तुला चालत जाता येईल. दुकानदाराला "सर्व्हिसिंग" एवढंच सांगू नकोस. "हीटसिंक काढून जाळी साफ करा आणि पेस्ट बदला" असं सांग, आणि समोर उभी राहा. (हीटसिंक म्हणजे चिपची उष्णता पंख्यापाशी नेणारा धातूचा भाग, जाळी त्याच्याच टोकाला; पेस्ट म्हणजे चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप.) ब्लोअर मारताना पंखा हाताने धरायला हवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. हे न सांगता करणारा माणूस मिळाला तर पैशांची घासाघीस करू नकोस.

तोवर काम अडत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के कर. बहुतेक मशीनवर टर्बो (बेसच्या वर जाणारा जादा वेग) बंद होतो आणि तापणं कमी होतं. मलमपट्टी आहे, इलाज नव्हे.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

काका, बांधकाम आहेच! शेजारची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे. रोज संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की सिमेंट. आणि बाबा लॅपटॉप ठेवतात दिवाणावर, गोधडीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी. तीन गुन्हे एकाच जागी.

काल भर पावसात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी गुंडाळून घेऊन गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. पहिल्या मजल्यावर खोलीएवढं दुकान. त्या पोराने मागचं झाकण उघडून सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवली आणि पंख्याच्या पात्यात टूथपिक अडकवली. मी काही बोलायच्या आत! तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

पंखा उचलल्यावर जाळीच्या तोंडाशी करडा नमदा. धूळ, गोधडीचं सूत आणि फोडणीचं तेल, दमट हवेत थापून थापून बसलेलं. चिमट्याने धरून ओढला तर अखंड निघाला, बोटभर लांब, पट्टीसारखा सरळ. जाळीच्या उभ्या रेघा त्याच्यावर उमटलेल्या होत्या. चिपवरची पेस्ट सुकून पानाच्या डब्यातल्या चुन्यासारखी भुरभुरीत झाली होती. अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवीन लावली. पाऊण तास लागला. घासाघीस केली नाही.

आता तीच फाइल, स्पीड २.७ च्या आसपास, आणि बाजूने गरम वारा जोरात येतो. आवाज इतका कमी की बाबा दोनदा येऊन "बंद पडला का गं?" विचारून गेले. दिवाणावर आता पोळपाट ठेवलाय, त्याच्यावर लॅपटॉप. पोळ्यांच्या वेळी वाद होतो.

एकवीस लेख बाकी आहेत. जाहिरातवाल्यांनी लोगो मोठ्या आकारात पाठवावेत, व्हॉट्सॲपवरून नकोत, तिथे ते चिंबतात. खजिनदार, तुमचा फॉरमॅट करून कधी झाला? पंख्याजवळ हात धरून बघा एकदा.