डबल स्टँड नसलेली बाइक एकटीने कशी उचलायची? (एफझी-एस, चिपळूण)

शाळेची_एफझी:
नमस्कार मंडळी. गाडी यामाहा एफझी-एस व्हर्जन ३. शाळा शृंगारतळीच्या अलीकडे, त्यामुळे रोजचं जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. चेनला दर ५०० किलोमीटरला तेल द्या म्हणतात, म्हणजे माझ्यावर ती वेळ आठवड्यालाच येते. पावसाळ्यात तर दोन दिवसांत सगळं धुऊन जातं आणि चेन लाल.

आजवर भाऊ होता. तो गाडी साइड स्टँडवर तिरकी करायचा, मागचं चाक अधांतरी झालं की मी उजव्या बाजूने चिमट्याखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांखाली) जांभ्याचा चिरा आणि वर फळी सरकवायचे. जूनमध्ये तो नोकरीला पुण्याला गेला. मागच्या रविवारी आईला हँडल धरायला लावून तोच प्रयोग केला. भिजलेला जांभाच तो, कोपरा फुटला आणि गाडी उजवीकडे आडवी. ब्रेकचं लिव्हर मोडलं, तुळशीचा कठडा थोडक्यात वाचला. आईने जाहीर केलंय की पुन्हा ही सर्कस तिच्या अंगणात नको.

आता पॅडॉक स्टँड (मागून लावून चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्यायचा विचार आहे. एल (चिमट्याखाली टेकणाऱ्या एल आकाराच्या पट्ट्यांचा) घ्यावा की व्ही (व्ही आकाराच्या खाचांचा)? की सीझर जॅक? माझी उंची ५ फूट १ इंच, मदतीला कोणी नाही, अंगणाचा अर्धा भाग कोबा आणि उरलेल्यावर शेवाळ. बजेट २५०० रुपये.

निवांत_मामा:
डबल स्टँडच बसवून घ्या की. आमच्या वेळी असल्या भानगडी नव्हत्या.

ग्रीसचे_हात:
मामा, डबल स्टँडला फ्रेमवर जागा लागते. ती नसेल तर कोणी वेल्डिंग मारून देतो म्हणाला तरी फ्रेमला हात लावू द्यायचा नाही.

ताई, जॅक डोक्यातून काढा. एफझीची फ्रेम डायमंड पद्धतीची, इंजिनाखालून पाइप जात नाही. जॅकचा सगळा भार थेट इंजिनाच्या पोटावर येईल. व्ही स्टँडला चिमट्याच्या दोन्ही बाजूंना बॉबिन (खाचेत बसणारे गोल खुंट) लागतात, आणि त्यासाठी आटे पाडलेली भोकं. माझ्या केटीएम ड्यूकला ती कंपनीतूनच आहेत, १० एमएमची. तुमच्या चिमट्याला भोकं दिसली नाहीत तर एलच घ्या, रबर लावलेला.

वजनाची चिंता नको. गाडी १३५ किलोच्या आसपास, त्यातलं मागे येतं निम्म्याहून थोडं जास्त. कुठलाही बरा स्टँड ते पेलतो. फसतं ते मापात. टेप घेऊन चिमट्याची बाहेरून बाहेर रुंदी मोजा, दोन एलमधलं अंतर तेवढं सरकवता येतं का बघा. एल चेन ॲडजस्टरच्या (चेन ताणायच्या) बोल्टच्या पुढे टेकला पाहिजे, आणि उजवीकडे डिस्क ब्रेकचा पाइप त्याखाली चेमटता कामा नये. स्टँडची चाकं रुंद हवीत, अरुंद चाक कोब्याच्या भेगेत अडकतं.

आता एकटीने उचलायचं. गाडी भिंतीला समांतर, उजवी बाजू भिंतीपासून वीतभर. कलंडलीच तर भिंतीला टेकेल. साइड स्टँडखाली बोटभर जाडीची फळी ठेवा, गाडी मुळातच कमी झुकते आणि सरळ करायला जोर लागत नाही. न्यूट्रल, हँडल सरळ. डाव्या हाताने मागचा ग्रॅब रेल (सीटमागचा धरायचा दांडा) धरून गाडी उभी करायची, उजव्या हाताने स्टँड आत सरकवायचा, दोन्ही एल टेकलेत हे वाकून बघायचं, मग स्टँडचा दांडा खाली दाबायचा. दाबायचा म्हणजे अंगाचं वजन टाकायचं, दंडाचा जोर लावायचा नाही. डावा हात शेवटपर्यंत सोडायचा नाही. गाडी वर गेली की पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधून टाका. साइड स्टँड उघडाच राहू दे, उतरवताना तोच वाचवतो. पहिल्या चार-पाच वेळा हे सगळं शेवाळापासून लांब.

आणि ताई, चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू करून गिअरमध्ये चेन पुसणारे पाहिलेत. माझ्या काकांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे.

पाटाचा_रस्ता:
नुसतं तेलच द्यायचं तर स्टँड कशाला? या मापाच्या चाकाचा एक फेरा म्हणजे जवळजवळ सहा फूट. अख्खी चेन एकदा फिरायला तीनाहून थोडे जास्त फेरे. वीसेक फूट अंगण असेल तर गाडी हातभर ढकला, दिसतो तेवढा भाग पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल द्या, पुन्हा ढकला. मी गेली सहा वर्षं हेच करतोय.

शाळेची_एफझी:
वीस फूट आहे हो, पण त्यातलं दहा फूट शेवाळ!

ग्रीसचे_हात:
पाटाचा_रस्ता यांचं तेलापुरतं बरोबर. पण डिझेलने घासून धुवायची असेल, चेनची सैल काढायची असेल, तर चाक अधांतरीच हवं. चेन सगळीकडे सारखी सैल नसते. चाक फिरवून सगळ्यात ताणलेली जागा शोधायची आणि तिथे मोजायचं.

शाळेची_एफझी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. ऑनलाइन दिसले त्यातल्या एकाही स्टँडवर एलमधलं अंतर लिहिलेलं नव्हतं. शेवटी टेप घेऊन खेर्डीच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्याने गाडीच दुकानात घेतली, खडूने चिमट्यावर खूण केली आणि दोन दिवसांत करून दिला. १७०० रुपये, रबर माझं (बाबांच्या जुन्या चपलेचं). पहिल्यांदा उचलताना डावा एल निसटला, गाडी भिंतीला टेकली, आरशाचा ओरखडा भिंतीवर आहे. वर गेली ती दुसऱ्या खेपेला. चेनची ताणलेली जागा खरंच सापडली, मी आजवर भलतीकडेच मोजत होते.

स्टँड पडवीत उभा असतो. आई त्याच्या दांड्यावर ओली छत्री अडकवते.