डोवेल सांध्यासाठी कोणते यंत्र घ्यावे?

कुपवाडकर

नमस्कार. कुपवाडला घराला लागूनच माझे छोटे वर्कशॉप आहे. १८ मिमी प्लायची कपाटे, ट्रॉलीचे सांगाडे आणि सागवानी चौकटीची शटरे ही माझी नेहमीची कामे आहेत. प्लाय मी स्क्रूने जोडतो आणि चौकटींना हाताने कुसू (टोकाला काढलेली, दुसऱ्या पट्टीच्या खाचेत बसणारी जीभ) काढतो. परंतु बाहेरून स्क्रू दिसलेला आता गिऱ्हाइकाला चालत नाही, आणि कुसू काढण्याचा वेळ मजुरीत वसूल होत नाही. म्हणून डोवेलकडे, म्हणजे भोकात सरस लावून बसवायच्या गोल लाकडी खुंट्यांकडे, वळण्याचा विचार आहे. हातातल्या ड्रिललाच गाईड (बिट सरळ आणि जागेवर धरणारा साचा) लावून भागवावे, बिस्कीट जॉइनर (चपट्या लाकडी चकतीसाठी खाच पाडणारे यंत्र) घ्यावा, दोन बिटांचे डोवेल यंत्र घ्यावे, की थेट फेस्टूल कंपनीचे डॉमिनो यंत्र घ्यावे? पुतण्या अमेरिकेत असतो, तो दिवाळीला येताना यंत्र आणू शकतो. जाणकारांनी कृपया सांगावे.

सागवान_सांगली

आपल्या प्रश्नात कपाटाचा सांगाडा आणि शटरची चौकट अशी दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांच्या गरजाही वेगळ्या आहेत.

डोवेल चुकीला अजिबात जागा देत नाही. दोन खुंट्या बसल्या की फळी आडवीही सरकत नाही आणि उभीही. एका भोकाचा मध्य पाव सूत, म्हणजे मिलिमीटरच्याही आत, हलला तरी सांधा मिळत नाही, आणि क्लॅम्पने दामटून मिळवलाच तर जोडावर बोट फिरवताना पायरी लागते. बिस्किटाचे तसे नाही. स्वित्झर्लंडच्या लामेलो कंपनीची ही पद्धत १९५० च्या दशकातली आहे, आणि तिची खरी सोय अशी की ४ मिमी रुंद खाचेत बिस्कीट लांबीच्या दिशेने थोडे सरकते, जाडीच्या दिशेने मात्र पक्के राहते. सांगाड्याला ते उत्तम. पण २० नंबरचे बिस्कीट सुमारे ५६ मिमी लांब असते आणि त्याची खाच त्याहूनही लांब, त्यामुळे दोन इंची चौकटीच्या टोकात ती मावतच नाही. आपल्या शटरांसाठी ते बाद समजावे.

दोन बिटांच्या यंत्रात माफेलचे डीडी ४० आणि ट्रायटनचे यंत्र ही नावे ऐकू येतात. दोन्हींत बिटांमधले अंतर ३२ मिमी आहे, म्हणजे युरोपातील कपाटकामात ३२ मिमी अंतराने भोके पाडण्याच्या पद्धतीशी जुळणारे. एका दाबात दोन भोके पडतात आणि त्यांच्यातले अंतर कधी बदलत नाही, हा त्यांचा मोठा गुण. ५० मिमी रुंद पट्टीत ८ मिमीच्या दोन खुंट्या बसवल्यावर दोन्ही कडांना ५-५ मिमी लाकूड उरते; चालते, पण त्याहून अरुंद पट्टी घेऊ नये. सांगाड्यांचे काम रोजचे असेल तर हे यंत्र घ्यावे. ते अधूनमधून निघत असेल, तर पोलादी बुश (बिट ज्यातून जाते ती नळी) असलेला चांगला गाईड आणि मध्यभागी टोक असलेले लाकूडकामाचे बिट एवढ्यावर बरीच वर्षे निघतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाईड घेताना एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे १८ मिमी म्हणून मिळणारा प्लाय भरतो कमी, आणि दोन शीट सारख्या भरतील याची खात्री नसते. आपोआप मध्य काढणारा गाईड प्रत्येक फळीचा मध्य वेगळा धरतो, त्यामुळे दर्शनी बाजूला फरक पडतो. म्हणून अंतर नेहमी दर्शनी बाजूपासून ठरवता येईल असाच गाईड निवडावा. जाडीतला फरक मग आतल्या बाजूला जातो, तिथे तो कोणी पाहत नाही.

खोलीचे गणित असे: ८ × ४० मिमीची खुंटी, उभ्या फळीच्या पृष्ठभागात १३ मिमी भोक आणि आडव्या फळीच्या कडेत २९ मिमी. मधली २ मिमी जागा सरसासाठी. भोकाची खोली ठरवणारी बिटावरची स्वस्त कडी दोन-चार भोकांनंतर घसरते आणि बिट फळीच्या आरपार निघते. त्याऐवजी भोक पाडलेला लाकडाचा ठोकळाच बिटावर चढवावा, तो घसरत नाही.

कोयनाकाठ (पाटण)

यंत्रापेक्षा खुंटीकडे लक्ष द्यावे, एवढेच मला सुचवायचे आहे. सांगलीत पाऊस बेताचा, पण आमच्या पाटण-महाबळेश्वरच्या पट्ट्यात आषाढात बीच लाकडाची खुंटी इतकी फुगते की ८ च्या भोकात ती हातोड्यानेही जात नाही. खुंट्या झाकणाच्या बरणीत ठेवाव्यात आणि पावसाळ्यात वापरण्यापूर्वी कोमट तव्यावर जराशा फिरवाव्यात. खुंटी उभ्या रेघांचीच घ्यावी. गुळगुळीत खुंटी ठोकली की तळाशी अडकलेल्या हवेला आणि सरसाला वाट मिळत नाही, आणि सागवानाची पट्टी उभी चिरते. सरस खुंटीवर चोपडण्यापेक्षा भोकाच्या भिंतींना लावावा.

कराडचा_यंत्रवेडा

डॉमिनोची शिफारस कोणी केली नाही म्हणून लिहितो. त्याचे बिट फिरता फिरता डावी-उजवीकडे झुलते आणि लांबट खाच पाडते. तिच्यात चपटा, कडा गोलावलेला तुकडा बसतो. त्याच्या डीएफ ५०० या मॉडेलला ४ ते १० मिमीची बिटे लागतात. पहिली खाच नेमकी आणि बाकीच्या एका टप्प्याने रुंद पाडता येत असल्याने बिस्किटाची सोय आणि कुसूची ताकद दोन्ही मिळतात. आपण आज हाताने जे कुसू काढता, त्याची जागा खऱ्या अर्थाने हेच यंत्र घेते. अडचण किमतीची आहे, आणि ती लहान नाही.

पुतण्याकडून मात्र मागवू नये. तिकडची यंत्रे १२० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३० व्होल्ट. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर प्रत्येक साइटवर वाहून न्यावा लागेल, आणि एखाद्या मदतनिसाने ते चुकून थेट प्लगमध्ये घातले की संपले.

कोणतेही यंत्र घ्या, दुकानात प्लायचे दोन तुकडे घेऊन जावे. दोन्हींच्या कडांना, त्याच दर्शनी बाजूवर यंत्र टेकवून, भोके पाडावीत, खुंट्या कोरड्याच घालून तुकडे जोडावेत आणि जोडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. पट्टीखालून उजेड आला तर बिटे यंत्राच्या टेकणाऱ्या बाजूला समांतर नाहीत.

कुपवाडकर

सर्वांचे आभार. सांगाडे महिन्यातून दोन-तीनच होतात, म्हणून तूर्त गाईड घेतो. शटरांचे काम वाढले तर डॉमिनोचा विचार करीन. एकच शंका: काही गिऱ्हाइके एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आग्रह धरतात. त्याच्या कडेत ८ मिमी खुंटी चालेल काय?

सागवान_सांगली

१८ मिमी एमडीएफमध्ये चालेल, १० मिमी मात्र टाळावी. खुंटी हाताच्या दाबाने बसली पाहिजे. ठोकावी लागली तर कड थरांमध्ये फाटते. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या बिटाने) किंचित खळगा द्यावा, म्हणजे भोकाभोवती वर आलेला भुसा आणि बाहेर आलेला सरस त्यात मावतो आणि दोन फळ्यांमध्ये फट राहत नाही.