मदत हवी आहे : एकाच पानावर दोन ‘बळी’

जिल्हा दैनिकात रात्रपाळीला पानं लावतो. परवा पहिल्या पानावर ‘घाटात बस कोसळून सात बळी’ आणि शेजारच्याच चौकटीत ‘फिरकीपटूचे पाच बळी’ असं आलं.

क्रीडावाल्यांना ‘गडी बाद’ सुचवलं, पण ते एका कॉलमात मावत नाही. ‘विकेट’ आमच्या संपादकांना चालत नाही. मग दुसरी बाजू बदलून पाहिली. अपघाताला ‘ठार’ जमतं, पण उष्माघातात, डेंग्यूत माणूस ‘ठार’ कसा होईल? ‘दगावले’ बरोबर बसतं, पण ते गुराढोरांसाठी, असे वाचकांचे फोन येतात. ‘मृत्युमुखी’ लांबतं.

‘निधन’ की ‘मृत्यू’ हा वाद इथे नको, ते आमच्याकडे ठरलेलं आहे. ‘लोकशाहीची हत्या’ नेत्याच्या अवतरणात जाते. ‘बाजारात रक्तपात’ मी सरळ कापतो, ‘घसरण’ पुरते. आत्महत्येच्या बातम्यांना प्रेस कौन्सिलची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं लावतो, त्यामुळे तिथे अडत नाही.

शीर्षक एका कॉलमाचं, फार तर चार शब्द. तुमच्या दैनिकात ‘बळी’ क्रिकेटला ठेवलाय की दुर्घटनेला? आणि साथीच्या बातमीत मग काय लिहिता?